बाजाराचं दार आणि मतपेटी

तासगाव-मिरज पट्ट्यातल्या द्राक्षबागायतदाराला युरोपची अट किती कडक असते हे वेगळं सांगावं लागत नाही. २०१० साली लिहोसिनचा, म्हणजे वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराईडचा अंश सापडला आणि भारतातून गेलेले द्राक्षांचे कंटेनर तिकडे अडकले. तेव्हापासून कुठलं औषध कधी मारायचं, हे बागेतला माणूस युरोपची मर्यादा बघून ठरवतो.

युरोपीय संघ बाजाराची हीच ताकद परराष्ट्र धोरणात वापरतो. तिथं तपासणी असते निवडणुकांची, न्यायालयांची, अल्पसंख्याकांच्या हक्कांची. सदस्य व्हायचं तर स्थिर लोकशाही हवी, असा निकष १९९३ मध्ये कोपनहेगनला ठरला. १९९७ मध्ये स्लोव्हाकियाला याच मुद्द्यावर सदस्यत्वाच्या चर्चेच्या पहिल्या फळीतून वगळलं. पंतप्रधान मेचियार यांचा कारभार मनमानी होता. पुढच्याच वर्षी तिथल्या स्वयंसेवी संस्थांनी गावोगाव मतदार जागे केले, ८४ टक्के मतदान झालं, मेचियार यांची सत्ता गेली आणि २००४ मध्ये देश संघात आला. श्रेय मी आधी त्या मतदारांना देईन. युरोपने बक्षीस समोर ठेवलं, पण त्यासाठी राबणारी माणसं स्लोव्हाकियातलीच होती.

कंबोडियात असं घडलं नाही. मुख्य विरोधी पक्षच २०१७ मध्ये विसर्जित केला गेला आणि पुढच्या निवडणुकीत सर्व १२५ जागा सत्ताधाऱ्यांकडे गेल्या. युरोपने २०२० मध्ये कंबोडियाच्या मालाला दिलेल्या आयात करसवलतीचा काही भाग काढून घेतला. सरकार हललं नाही. २०२३ मध्ये हुन सेन यांनी पंतप्रधानपद मुलाकडे सोपवलं.

लोकशाहीसाठी दबाव आणण्याचं हे काम फक्त युरोप करतो असंही नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या देशांची संघटना म्हणजे इकोवास. गांबियात तेव्हा मतदान काचेच्या गोट्यांनी होई. उमेदवाराच्या रंगाच्या पिंपात गोटी टाकली की आत घंटी वाजे, म्हणजे एका माणसाने एकच गोटी टाकली हे बाहेर ऐकू येई. या मतदानात डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जामेह हरले. बावीस वर्षांची सत्ता सोडायला मात्र ते तयार होईनात. विजयी बॅरो यांनी शेजारच्या सेनेगलमधल्या गांबियाच्या दूतावासात शपथ घेतली, इकोवासचं सैन्य सीमा ओलांडून आत आलं आणि दोन दिवसांत जामेह देश सोडून गेले. विरोधक आधीच एक झाले होते, आणि गांबियाचं लष्कर जामेह यांच्यासाठी लढलं नाही.

नायजरमध्ये २०२३ च्या जुलैत लष्करानेच सत्ता घेतली. इकोवासने सीमा बंद केल्या, हल्ल्याचा इशाराही दिला. पण माली आणि बुर्किना फासोतही लष्करी राजवटीच होत्या. नायजरवरचा हल्ला हा आमच्यावरचाच समजू, असं त्यांनी बजावलं. शेजारच्या नायजेरियाने नायजरची वीज तोडली, औषधं टंचाईत आली आणि झळ बसली ती सामान्य घरांना. फेब्रुवारी २०२४ मध्ये इकोवासने बहुतेक निर्बंध उठवले. तरी जानेवारी २०२५ मध्ये तिन्ही देश संघटनेतून बाहेर पडलेच.