सरावानंतरचा पाऊण तास

मुंबईतल्या नववीच्या खेळाडूचा दिवस बहुतेक वेळा झोपेला कात्री लावून चालतो. सकाळी सातची शाळा, संध्याकाळी मैदान, मग गर्दीची लोकल, दहाला जेवण आणि त्यानंतर पुस्तक. १३ ते १८ या वयात रोज ८ ते १० तास झोप लागते. इथे सहासुद्धा कशीबशी मिळते. गणिताची नवी रीत असो की कबड्डीतली नवी चढाई, दिवसभरात शिकलेलं पक्कं होण्याचं मोठं काम झोपेत चालतं. वाढीचं संप्रेरकही गाढ झोपेत भरपूर स्रवतं. झोप तुटली की अभ्यास आणि खेळ दोन्ही मागे पडतात.

म्हणून खेळासोबत शिक्षणाची जबाबदारी घेणाऱ्या उपक्रमाने अभ्यास घरावर सोडू नये, मैदानाजवळच उरकावा. शाळेचा एखादा रिकामा वर्ग पुरतो. मात्र सराव थांबल्याबरोबर वही काढायची नाही. दमलेलं, तहानलेलं मूल वाचत नाही, नुसतं पानाकडे बघत बसतं. आधी पाणी, केळं किंवा मूठभर चणे-गूळ, वीसेक मिनिटं विसावा आणि मग पाऊण तास अभ्यास. बेताच्या व्यायामानंतर काही काळ लक्ष चांगलं लागतं, तेव्हा हलक्या सरावाच्या दिवशी गणित घ्यावं. दमछाक झाली असेल त्या दिवशी उजळणी पुरे.

पहिली दहा मिनिटं पुस्तक मिटून कालचं आठवून लिहायचं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र आठवून लिहिणारे. पुन्हा वाचणं सोपं वाटतं, म्हणून मुलं तिकडेच वळतात. इथे शिकवणाऱ्या ताई-दादांनी नेट धरायला हवा.

मूल दाखल होताना नुसती इयत्ता विचारून भागत नाही. दुसरीच्या पातळीचा उतारा वाचून घ्यावा, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला सांगावं. आठवीतलं मूल इथेच अडत असेल, तर बीजगणिताची शिकवणी वाया जाते.

सगळ्यात महागात पडणारा नियम म्हणजे गुण घसरले की मैदान बंद. मूल ज्यासाठी येतं तेच काढून घेतलं, की ते अभ्यासालाही फिरकत नाही. अट घालायचीच तर अभ्यासाच्या हजेरीची घालावी.

गळतीच्या वेळाही ठरलेल्या आहेत. मे महिन्यात मुलं गावी जातात, पावसाळ्यात मैदानात चिखल होतो. पावसाळ्याच्या महिन्यांत शाळेच्या सभागृहात मल्लखांब, दोरीच्या उड्या चालू ठेवाव्यात, म्हणजे अभ्यासाची वेळही मोडत नाही. दहावीत घरचे खेळ थांबवतात. सराव बंद न करता आठवड्याला दोन-तीन दिवसांवर आणावा. निकालानंतर खरी धावपळ कागदपत्रांची असते. जातीचा दाखला नववीच्या सुट्टीतच काढून ठेवावा. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपते, म्हणून तो दहावीच्या वर्षात काढावा आणि अकरावीचा ऑनलाइन अर्ज भरताना उपक्रमातलं कुणीतरी मुलाशेजारी बसलेलं असावं.