अमेरिकन शाळांत धर्माला बंदी? नाही हो!

अमेरिकेतल्या सरकारी शाळांत १९६२ पासून देवाचं नाव घ्यायलाच बंदी आहे असं वर्षानुवर्षं ऐकायला मिळतं, तिथे राहणारे आपले मराठी पालकही सांगतात. साफ चूक. १९६२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने सरकारने लिहून दिलेली प्रार्थना बंद झाली, मुलाने स्वतःहून केलेली नाही.

आणि त्याच्याही दहा वर्षं आधी, १९५२ ला, झोराक विरुद्ध क्लॉसन या न्यूयॉर्कच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ६-३ ने सांगितलंय की पालकांनी लेखी दिलं तर शाळेच्या वेळेतच मुलाला धर्मशिक्षणासाठी बाहेर सोडता येतं, फक्त वर्ग शाळेच्या इमारतीत नको आणि शाळेचा पैसाही नको. कारण १९४८ ला इलिनॉयमधल्या शँपेनचे असेच वर्ग, जे शाळेच्याच खोल्यांत भरायचे, ते ८-१ ने घटनाबाह्य ठरले होते. तिथे वर्गाला न बसणाऱ्या एका मुलाला कधीकधी बाहेर व्हरांड्यात एकटं बसवायचे, हे वाचून खरंच वाईट वाटतं.

सवलत कुठल्या एका धर्माची नाही, नियम मात्र राज्यागणिक वेगळे. त्यामुळे शाळेला आधी हेच विचारा, धर्मशिक्षणाला न जाता शाळेतच थांबणाऱ्या मुलांना त्या तासाला काय शिकवता?