दुसरी पसंती कधी वाचली जाते?

मराठवाड्यात विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची निवडणूक लागली की एक सल्ला हमखास फिरतो: "फक्त १ लिहा, दुसरं नाव घातलं की आपल्या माणसाचं मत फुटतं." पदव्या घेतलेली माणसंही हे खरं मानतात. तो साफ गैरसमज आहे. अर्ज भरायला मुहूर्त काढण्याइतकाच निराधार.

जांभळ्या स्केच पेनने तुम्ही उमेदवारांच्या नावांपुढे पसंतीच्या क्रमाने १, २, ३ असे आकडे लिहिता. आठही जिल्ह्यांच्या मतपत्रिका एका ठिकाणी येतात आणि पहिल्या पसंतीप्रमाणे त्यांचे गठ्ठे लागतात. समजा वैध मतं १०००. निम्म्याहून एक जास्त, म्हणजे ५०१, हा जिंकायला लागणारा कोटा. क ला ४२०, ख ला ३८०, ग ला २००. कोटा कुणीच गाठला नाही, म्हणून सर्वांत मागे असलेला ग बाद. आता फक्त त्याच्याच २०० मतपत्रिका उघडायच्या. १५० जणांनी दुसरा आकडा ख पुढे लिहिलाय, ३० जणांनी क पुढे, २० जणांनी कुणापुढेच नाही. ख ५३० वर पोचला आणि जिंकला. क च्या ४२० मतपत्रिकांवरचा २ हा आकडा कुणी पाहिलासुद्धा नाही! पहिल्या पसंतीचा उमेदवार शर्यतीत आहे तोवर दुसरी पसंती वाचतच नाहीत, मग तिनं त्याचं नुकसान व्हायचं कसं? आणि वाचली तरी ते अर्धं मत नसतं, पूर्ण एक मत असतं. मला या पद्धतीतली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. तोटा झाला तो त्या २० जणांचा. निर्णायक फेरीत त्यांची मतपत्रिका कुणाच्याच गठ्ठ्यात नव्हती.

हेच देशपातळीवर पाहायचं तर श्रीलंका घ्या. २१ सप्टेंबर २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत तिथे पहिल्यांदाच दुसऱ्या पसंतीपर्यंत मोजणी गेली. अनुरा कुमार दिसानायके यांना ४२.३१ टक्के, सजित प्रेमदासांना ३२.७६. तिथला नियम जरा वेगळा: पहिले दोघे सोडून बाकी सगळे एकदम बाद.

जिल्हावार निकाल वाचताना गफलत होते ती इथे. उत्तरेकडच्या जाफना जिल्ह्यात तमिळ उमेदवार अरियनेत्रन प्रेमदासांच्या अगदी मागोमाग दुसरे होते, दिसानायके त्यांच्याही मागे. तरी बाद झाले अरियनेत्रन, कारण देशभरात त्यांना २ टक्केही मतं नव्हती. कोण बाद हे जिल्हा ठरवत नाही, देशाची बेरीज ठरवते. ती लागेपर्यंत जिल्ह्याला पुढचे आकडे मोजताच येत नाहीत. त्यामुळे पहिल्या पसंतीचा रंगीत नकाशा दाखवून "उत्तरेचा कौल अमुक" असं ठणकावणं घाईचं असतं.

बाद झालेल्यांच्या मतपत्रिका होत्या ३३ लाखांवर. त्यांतून पहिल्या दोघांकडे मिळून गेल्या जेमतेम २ लाख ७३ हजार: प्रेमदासांना १,६७,८६७, दिसानायकेंना १,०५,२६४. उरलेल्या बहुतेक मतदारांनी या दोघांपैकी कुणापुढेही आकडा लिहिला नव्हता. दिसानायके ५५.८९ टक्क्यांनी जिंकले असं छापून आलं, ते शेवटच्या फेरीत उरलेल्या मतांवर काढलेलं. सगळ्या वैध मतांवर काढलं तर ४३.१ टक्के भरतात.