मानमोडीपासून तीन घटकांच्या लशीपर्यंत

जून १९१८मध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई फ्लूच्या तापाने पडू लागले. ती लाट त्यामानाने सौम्य होती. सप्टेंबरात आलेली दुसरी लाट मारक ठरली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. महाराष्ट्रात या साथीला ‘मानमोडी’ म्हणत. डॉक्टरांचा संशय तेव्हा एका जिवाणूवर होता.

माणसातला फ्लूचा विषाणू १९३३मध्ये लंडनमध्ये हाती लागला. रुग्णांच्या गुळणीचे पाणी जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळून फेरेट या मुंगसासारख्या प्राण्याच्या नाकात सोडले. फेरेट तापले, शिंकू लागले. म्हणजे दोषी जिवाणू नव्हता. पुढे हा विषाणू कोंबडीच्या फलित अंड्यात वाढवता आला. आजही बहुतेक लशी अशाच बनतात.

१९४५मध्ये अमेरिकेत लस सर्वसामान्यांना खुली झाली आणि १९४७मध्ये सपशेल फसली. लस खराब नव्हती, विषाणू पालटला होता. स्वतःची नक्कल करताना तो चुका करतो, त्याच्या पृष्ठभागावरचे हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन बदलत जाते आणि शरीराने आधी तयार केलेली जुनी प्रतिपिंडे (विषाणूला रोखणारी प्रथिने) त्याला ओळखत नाहीत. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९५२मध्ये या बदलांवर नजर ठेवणाऱ्या प्रयोगशाळांचे जाळे उभारले. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरात दक्षिणेसाठी लशीतले विषाणू ठरतात. त्यानंतर लस बाजारात यायला साधारण सहा महिने लागतात.

हे वेळापत्रक थंड देशांच्या हिवाळ्यावर बेतलेले. आपल्याकडे फ्लू जुलै ते सप्टेंबर उसळतो, पुन्हा जानेवारी ते मार्च डोके वर काढतो. २००९च्या स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळीही ऑगस्टमध्येच, पुण्यात गेला. त्यामुळे ऑक्टोबरात लस घेणे म्हणजे पाऊस ओसरल्यावर छत्री घेणे. एप्रिल-मे बरा: दंडात ०.५ मिली, आणि संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे. सहा महिने ते आठ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. दुसरा बरेच जण विसरतात. लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायची, एकदा गोठली की टाकून द्यायची.

आजारी पडल्यावर ओसेल्टामिविर हे फ्लूविरोधी औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर जास्त उपयोगी. गरोदर बाई, वृद्ध, मधुमेही किंवा दमेकरी यांनी ‘बघू दोन दिवस’ म्हणू नये.

हल्ली लशीच्या खोक्यावर चारऐवजी तीनच विषाणू दिसू लागले आहेत. ती हलकी लस नव्हे. बी-यामागाता हा चौथा प्रकार मार्च २०२० नंतर खात्रीने कुठेच सापडलेला नाही, म्हणून त्याला वगळले आहे.