ओमी बेट: ओहोटीच्या वेळेला निघू नका, त्याआधी निघा

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या क्लॅडाडफ गावातून ओमी बेटावर जायला होडी लागत नाही. पाणी ओसरलं की मधली वाळू उघडी पडते आणि खुणेच्या खांबांच्या रेषेत रमतगमत वीसेक मिनिटांत पलीकडे पोचता येतं. आमच्या कॉनेमारा सहलीत हा दिवस सगळ्यांना हवा असतो, आणि आम्हाला सर्वांत जास्त फोनही याच दिवशी येतात.

घोटाळा बहुधा एकच. आम्ही दिलेल्या चिठ्ठीवर 'ओहोटी १:००' असं वाचून मंडळी जेवण उरकून एक वाजता वाळूवर उतरतात. पण एकला पाणी तळाला गेलेलं असतं आणि तिथून ते चढायलाच लागतं. बेटावर संत फेहीनच्या नावाचं जुनं चर्च (१९८१ पर्यंत ते वाळूखाली होतं), पवित्र विहीर, गोड्या पाण्याचं तळं, असं सगळं बघेपर्यंत दोन तास सहज जातात. परतायला साडेतीन होतात, म्हणजे भरतीचा तिसरा तास. भरती सारख्या वेगानं चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग धरले, तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन. उधाणाला (पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास) इथे चढ साधारण साडेचार मीटर असतो. म्हणजे त्या एका तासात मीटरभराहून जास्त पाणी!

म्हणून आमचा नियम: ओहोटीच्या दीड तास आधी निघायचं आणि ओहोटीनंतर दीड तासाच्या आत क्लॅडाडफला परत. एकची ओहोटी असेल तर साडेअकरा ते अडीच. गावातले लोक याहून उशिरापर्यंत ये-जा करतात हे खरं, पण त्यांना वाळूतले सखल भाग पाठ आहेत. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास) पाणी फारसं खाली जात नाही. पश्चिमेचा जोरदार वारा किंवा हवेचा कमी दाब असला की ते भरती-ओहोटीच्या तक्त्यापेक्षा वरच राहतं. अशा वेळी आम्ही सरळ बेत बदलतो.

कोकणातल्या पाहुण्यांना खास विनंती: तिथीच्या पाऊणपटीचा हिशेब (तिथीचा आकडा गुणिले पाऊण म्हणजे भरतीची वेळ) इथे लावू नका. पौर्णिमेला त्या गणितानं भरती सव्वाअकराला येते. इथे त्या सुमारास ओहोटीकडे कल असतो आणि भरती संध्याकाळी. तक्त्यांचीही एक गंमत आहे. काही तक्ते ग्रिनिचच्या वेळेत असतात. उन्हाळ्यात त्यांत एक तास मिळवावा लागतो. बरीच अ‍ॅप्स मात्र तो तास आधीच मिळवून दाखवतात. तुम्ही पुन्हा मिळवलात, तर तासभर उशिरा निघाल. आमच्या चिठ्ठीवरची वेळ घड्याळाचीच असते, तिच्यात काही मिळवू नका.

गाडी क्लॅडाडफलाच ठेवा. वाळूवरून गाड्या जातात, फोटोही छान येतात. पण चाक रुतलं तर पाणी थांबत नाही, आणि भाड्याच्या गाडीच्या करारात खाऱ्या पाण्याचं नुकसान बहुधा तुमच्याच माथी असतं. वाळू ओलीच राहते, तेव्हा गमबूट बरे. जोड्या आमच्याकडे मिळतात, मापं बुकिंगच्या वेळी कळवा.

अडकलातच तर पाण्यात पाऊल टाकू नका. बेटावर दुकान किंवा हॉटेल नाही, पण कोरड्या जागी थांबणं केव्हाही बरं. ११२ वर फोन करून कोस्ट गार्ड मागा. पुढची ओहोटी आधीच्या ओहोटीनंतर साधारण साडेबारा तासांनी, म्हणजे बहुधा अंधारात. तेव्हा एकट्यानं ओलांडू नका.

तारखा ठरल्या नसतील तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे दिवस धरा: ओहोटी दुपारच्या सुमारास येते, नाश्ता नीट होतो. वेळ जुळत नसेल तर आम्ही तो दिवस क्लेगन बंदरातून इनिशबॉफिन बेटाच्या बोटफेरीला देतो. आदल्या संध्याकाळी सहापर्यंत कळवल्यास या अदलाबदलीचे पैसे घेत नाही, फेरीचं तिकीट तेवढं वेगळं.