जकातीचा निसाब रुपयांत कसा काढायचा: तोळा, तारीख आणि कर्जाचा घोळ

रमजान जवळ आला की मोबाईलवर एक आकडा फिरू लागतो, "यंदाचा निसाब इतके रुपये". निसाब म्हणजे जकात (मालमत्तेवर द्यायचं फर्ज दान) कुणी द्यायची आणि कुणी घ्यायची हे ठरवणारी मालमत्तेची किमान मर्यादा. पण तो आकडा सोन्याचा की चांदीचा, कुठल्या दिवसाच्या भावाचा, काही लिहिलेलं नसतं. पाकिस्तानात १९८० च्या अध्यादेशानुसार बँक खात्यांतून जकात कापतात, म्हणून तिथलं सरकार दरवर्षी आकडा जाहीर करतं. आपल्याकडे हिशेब ज्याचा त्याने करायचा. तो चुकला की जकात फर्ज (बंधनकारक) असलेला माणूस बिनधास्त राहतो, आणि खऱ्या गरजूचा अर्ज जमातीच्या बैतुलमालातून (मदतनिधीतून) परत येतो.

सगळ्यात जास्त चुका तोळ्यात होतात. किताबांत निसाब साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी असा दिलेला असतो. हा जुना तोळा, ११.६६४ ग्रॅमचा. आपला सराफ मात्र १० ग्रॅमला तोळा म्हणतो. त्यामुळे लोक ७५ ग्रॅम सोनं आणि ५२५ ग्रॅम चांदी धरून बसतात. खरा आकडा ८७.४८ ग्रॅम सोनं आणि ६१२.३६ ग्रॅम चांदी. (काही आलिम, म्हणजे धर्मपंडित, ८५ आणि ५९५ ग्रॅम धरतात.) चांदी १०० रुपये ग्रॅम मानली, तर चुकीच्या तोळ्याने निसाब ५२,५०० येतो, बरोबर हिशेबाने ६१,२३६. मधल्या पावणेनऊ हजारांत कितीतरी माणसं येतात. म्हणून तोळा हा शब्दच बाजूला ठेवा, कागदावर ग्रॅम लिहा.

सोनं धरायचं की चांदी? मूळ निसाब २० दीनार (सोन्याची नाणी) किंवा २०० दिरहम (चांदीची नाणी), आणि पैगंबरांच्या काळात दोन्हींची किंमत साधारण सारखी होती. आज चांदीचा निसाब सोन्याच्या निसाबापेक्षा कितीतरी खाली आला आहे. हनफी मजहबाची (मजहब म्हणजे धर्मकायद्याची परंपरा) पद्धत अशी: कुणाकडे नुसतं सोनंच असेल, रोकड, चांदी, व्यापाराचा माल काहीच नसेल, तर ८७.४८ ग्रॅम पाहायचे. पण सोन्यासोबत गरजेपलीकडची थोडी जरी रोकड शिल्लक असेल, तर सगळ्याची किंमत एकत्र करून ती चांदीच्या निसाबाशी ताडायची. "माझ्याकडे तीनच तोळे आहेत, मला जकात कसली?" असं म्हणणाऱ्या बहिणींची चूक नेमकी इथे होते. त्यांच्या बँकेच्या पासबुकात पैसे असतात.

कोकणातल्या शाफई (दुसरा मजहब मानणाऱ्या) घरांनी मात्र हनफी तक्ता जसाच्या तसा उचलू नये. त्यांच्या मजहबात बाईच्या नेहमीच्या वापरातल्या, रीतीप्रमाणे असलेल्या दागिन्यांवर जकात नाही. उलट नाबालिग मुलाच्या मालावर आहे, ती पालकाने काढायची. हनफींत दोन्ही बाबतीत उलट. रत्नागिरीची सून आणि औरंगाबादचं हनफी सासर असेल तर आधी मौलानांना विचारून घ्या, मग गणित मांडा.

आणखी एक, घरातलं सगळं सोनं एकत्र मोजू नका. निसाब माणसागणिक असतो. सुनेचे दागिने सुनेचे, सासूचे सासूचे. नवरा बायकोची जकात भरू शकतो, पण तिला सांगून.

तारखेचाही असाच गोंधळ. जकातीचा रमजानशी संबंध सवाबापुरता (पुण्यापुरता). तुमचा माल ज्या चांद्र तारखेला पहिल्यांदा निसाबाला पोहोचला, ती तुमची दरवर्षीची तारीख, मग ती १२ रज्जब का असेना. आठवत नसेल तर अंदाजाने एक ठरवा आणि वहीत लिहून ठेवा. भाव त्याच दिवसाचा घ्यायचा. ३१ मार्च धरू नका. चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असतं, इंग्रजी तारखेने चालत राहिलात तर साधारण ३३ वर्षांत एका वर्षाची जकात बुडते. "बोनस तर गेल्याच महिन्यात आला, त्याला वर्ष कुठे झालं?" हेही नेहमी ऐकू येतं. हनफींत प्रत्येक रुपयाला वेगळं वर्ष लागत नाही. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी निसाब असला आणि मध्ये माल अगदीच संपला नसला, तर त्या दिवशी हातात आहे ते सगळं धरायचं.

कागद फार लागत नाहीत: पासबुक, एफडीच्या पावत्या, दुकान असेल तर मालाची यादी आणि उधारीची वही. दागिन्यांची मात्र सराफाकडून निव्वळ वजनाची चिठ्ठी घ्या. खडे, काळे मणी, आत भरलेली लाख हे सोनं नव्हे. घडणावळही धरत नाहीत. राहतं घर, गाडी, फ्रिज यांवर जकात नाही. विकण्यासाठीच घेतलेल्या प्लॉटवर आहे, आजच्या बाजारभावाने.

कर्जाबाबत हनफी हिशेबात देणं वजा होतं, पण वीस वर्षांचं अख्खं गृहकर्ज वजा करून मोकळं होता येत नाही. बरेच मुफ्ती फक्त चालू वर्षाचे हप्ते वजा करायला सांगतात. शाफईंत कर्ज असलं तरी जकात माफ होत नाही.

हनफी हिशेबाचं उदाहरण घेऊ. समजा ३० ग्रॅम सोनं आहे, ग्रॅमला ९,००० प्रमाणे २,७०,०००. एफडी आणि रोकड १,४०,०००. वाण्याचं आणि दवाखान्याचं देणं १५,०००. उरले ३,९५,०००. चांदीच्या निसाबापेक्षा जास्त, म्हणून जकात अडीच टक्के, म्हणजे ९,८७५ रुपये. भाव सोयीसाठी गोल धरले आहेत, तुम्ही तुमच्या दिवसाचे घाला.

आता मदत मागणाऱ्यांचं. जकात वाटणाऱ्या अनेक कमिट्या फॉर्मसोबत तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मागतात आणि तो नसला की अर्ज बाजूला सारतात. मोलमजुरी करणाऱ्या विधवेने तो दाखला काढायला किती हेलपाटे घालायचे? आणि त्यातून कळणार काय? हनफींत जकात घ्यायला पात्र कोण, हे उत्पन्नावर नाही, गरजेपलीकडच्या मालमत्तेवर ठरतं. पगारदार माणूसही कर्जात बुडालेला असू शकतो, आणि कागदावर उत्पन्न शून्य असलेल्याची एफडी असू शकते. "स्वतःचं घर आहे" म्हणून अर्ज नाकारणं तर सरळ चूक आहे, कारण राहतं घर हिशेबात येतच नाही. अर्जदारांनी सोनं ग्रॅममध्ये, बँकेतली शिल्लक, डोक्यावरचं कर्ज आणि राहत्या घराखेरीज असलेली जमीन असं एका कागदावर लिहून सही करून जोडावं. दवाखान्याची बिलं असतील तर त्यांच्या झेरॉक्सही लावा, कारण कुरआनात जकातीचे जे आठ हकदार सांगितले आहेत, त्यांत कर्जदारही आहेत.