चालत्या कर्नलचं मूळ शोधताना

लिनक्स संगणकावर टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायची खिडकी, उघडून 'यूनेम' ही कमांड 'वजा आर' जोडून चालवा. एका ओळीत उत्तर येतं. आधी ठिपक्यांनी तोडलेले दोन-तीन आकडे, मग आडवी रेघ आणि तिच्यापुढे बहुधा आणखी काही अक्षरं. लिनक्स वापरणाऱ्या बहुतेकांची नजर आकड्यांवरच थांबते. कर्नलचा सोर्स कोड, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ मजकूर, शोधायला निघालेल्याने मात्र रेघेपुढचा भाग आधी वाचावा. या क्षणी मेमरीत बसलेलं कर्नल कुणी बांधलं, याचा माग तिथून लागतो.

कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. प्रोसेसरचा वेळ कुठल्या प्रोग्रामला किती, मेमरीचा कुठला तुकडा कुणाचा, नेटवर्कवरून आलेला डेटा कुणाकडे पोचवायचा, ही सगळी वाटणी तो करतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी सप्टेंबर १९९१ मध्ये लिनक्स या कर्नलची ०.०१ ही आवृत्ती खुली केली तेव्हा तिच्यात सुमारे दहा हजार ओळी होत्या. मार्च १९९४ मध्ये १.० आली, तोवर ओळी पावणेदोन लाखांपुढे गेल्या होत्या. आज त्या कोट्यवधी आहेत आणि निम्म्याहून जास्त ओळी नुसत्या ड्रायव्हरांच्या, म्हणजे वेगवेगळी उपकरणं चालवणाऱ्या भागांच्या, आहेत.

१९९२ मध्ये टोरवाल्ड्स यांनी लिनक्स जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आणलं. तयार कर्नल तुम्हाला देणाऱ्याने त्याचा सोर्स कोडही उपलब्ध ठेवला पाहिजे, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण सोर्स कोड कशाला म्हणायचं, याची व्याख्याही त्या परवान्यात आहे. प्रोग्राम कंपाईल (कोडपासून यंत्राला चालवता येईल अशा रूपात तयार) आणि इन्स्टॉल कसा व्हावा हे ठरवणाऱ्या स्क्रिप्टसुद्धा तिच्यात येतात. मला ही तरतूद फार मोलाची वाटते. कोड हाती आला, पण त्यातून हे विशिष्ट कर्नल कसं घडलं हे कळलं नाही, तर मिळालेलं स्वातंत्र्य अपुरं राहतं.

आता शोधाला लागू. 'यूएसआर' फोल्डरच्या आतल्या 'एसआरसी' मध्ये डोकावलं की पुष्कळदा 'लिनक्स हेडर्स' अशा नावाचं फोल्डर सापडतं आणि नवखा माणूस तिथेच थांबतो. ते कर्नलचा सोर्स नव्हे. त्यात कर्नलच्या फंक्शनांची नावं, त्यांना काय द्यायचं आणि ती काय परत देतात अशा घोषणा मुख्यतः असतात. ती फंक्शनं आत काय करतात तो मजकूर बहुतांशी नसतो. बाहेरचा एखादा ड्रायव्हर चालू कर्नलला जोडायचा असेल तर एवढं पुरतं. कर्नल वाचायचं किंवा बदलायचं असेल तर पुरत नाही.

खरा सोर्स दोन ठिकाणी मिळतो आणि ते दोन एकसारखे नसतात. एक कर्नल डॉट ऑर्गवरचा, टोरवाल्ड्स आणि इतर देखभालकर्ते प्रसिद्ध करतात तो. दुसरा तुमच्या वितरणाचा, म्हणजे कर्नल आणि बाकीचे प्रोग्राम एकत्र करून देणाऱ्या संचाचा. डेबियन, फेडोरा यांसारखी वितरणं मूळ कोड घेऊन त्यावर स्वतःचे पॅच, म्हणजे छोटे बदल, चढवतात. नव्या आवृत्तीतली सुरक्षेची दुरुस्ती जुन्या आवृत्तीत आणून बसवण्याचं कामही ती करतात. म्हणून आवृत्तीचा आकडा जुळला तरी आतला कोड जुळेलच असं नाही. डेबियनमध्ये 'लिनक्स सोर्स' नावाचं पॅकेज घेतलं की त्याच 'एसआरसी' फोल्डरमध्ये दाबून बांधलेली फाईल येते. फेडोरात सोर्स आरपीएम नावाचं कोडचं पॅकेज घ्यावं लागतं. माझं मत स्पष्ट आहे: चालू यंत्रातली एखादी चूक शोधायची असेल तर वितरणाचाच कोड घ्या, आणि कर्नल शिकायचं असेल तर मूळ कोड गिटमधून घ्या. गिट ही कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये कर्नलसाठीच लिहिली. तेव्हापासूनचा प्रत्येक बदल, तो कुणी केला आणि का केला याच्या नोंदीसह, तिच्यात जपलेला आहे. कोड समजत नसेल तिथे ती नोंद वाचावी. अनेकदा कोडपेक्षा तीच जास्त शिकवते.

कोड अस्सल आहे ना, हे तपासणं टाळू नका. ऑगस्ट २०११ मध्ये कर्नल डॉट ऑर्गच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाल्याचं उघड झालं. गिटमध्ये प्रत्येक नोंदीचा ठसा तिच्या मजकुरावरून आणि आधीच्या नोंदीच्या ठशावरून काढलेला असतो. जुन्या कोडमध्ये गुपचूप एक अक्षर बदललं तरी पुढचे सगळे ठसे बदलतात, आणि तेच भांडार जगभर हजारो संगणकांवर असल्याने ते लपत नाही. आवृत्तीची फाईल थेट उतरवून घेतली असेल, तर सोबतची डिजिटल सही पडताळण्यापूर्वी दाबलेली एक्सझेड फाईल उलगडून आतली टार फाईल (अनेक फाईलींचा एकत्र गठ्ठा) मोकळी करा. सही तिच्यावर केलेली असते.

एवढं झाल्यावर खरा मुद्दा येतो, कॉन्फिगरेशनचा. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत सगळेच्या सगळे लिनक्सवर चालत आले आहेत. अँड्रॉइड फोनच्या आतही लिनक्स कर्नलच असतं. एवढ्या वेगळ्या यंत्रांना एकच सोर्स पुरतो, कारण त्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे एक साधी मजकुराची फाईल सांगते. तिचं नाव ठिपक्याने सुरू होतं, 'डॉट कॉन्फिग', म्हणून फोल्डरच्या नेहमीच्या यादीत ती दिसतही नाही. वितरणांच्या कर्नलसाठी तिच्यात हजारो ओळी असतात. चालू कर्नलची अशी फाईल बहुधा 'बूट' फोल्डरमध्ये आवृत्तीच्या नावानिशी ठेवलेली असते. कर्नल बांधताना तशी सोय ठेवली असेल तर 'प्रॉक' फोल्डरमधूनही ती वाचता येते.

यातल्या बहुतेक प्रश्नांना तीन उत्तरं आहेत. 'वाय' म्हणजे तो भाग कर्नलच्या मुख्य फाईलमध्येच बांधा. 'एम' म्हणजे मॉड्यूल, म्हणजे वेगळी फाईल करा, लागेल तेव्हा चढवू. 'एन' म्हणजे नको. सगळं 'एम' केलं की झालं, असं वाटतं, पण यात एक पेच आहे. मॉड्यूलं डिस्कवर असतात. डिस्क वाचायला लागणारा ड्रायव्हर किंवा फाईल सिस्टिम (डिस्कवरच्या फाईलींची मांडणी समजणारा भाग) मॉड्यूल केली, तर ते मॉड्यूल वाचणार कुठून? यासाठी बूटलोडर, म्हणजे यंत्र चालू होताना कर्नल मेमरीत आणणारा प्रोग्राम, कर्नलसोबत एक छोटी तात्पुरती फाईल सिस्टिम मेमरीत आणून ठेवतो. तिला इनिटरॅमएफएस म्हणतात. गरजेची मॉड्यूलं तिच्यात असतात. ती न बनवता नवं कर्नल सुरू केलं की यंत्र डिस्कचा मूळ विभाग (जिथे बाकीची सिस्टिम असते तो) सापडत नाही म्हणून अडतं. स्वतः बांधलेलं कर्नल सुरू न होण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

काही प्रश्नांना मात्र आकडे निवडायचे असतात. प्रोसेसरवर घड्याळाचा ठोका सेकंदाला १००, २५०, ३०० की १००० वेळा पडावा, हा त्यातला एक. ठोके जास्त तर प्रतिसाद चपळ, पण प्रत्येक ठोक्याला थोडा वेळ खर्च होतो.

'डॉट कॉन्फिग' हाताने बदलू नका, सोर्सच्या फोल्डरमध्ये 'मेक मेन्यूकॉन्फिग' ही मेन्यू दाखवणारी कमांड चालवा. हे प्रश्न केकॉन्फिग नावाच्या छोट्या भाषेत लिहिलेले असतात आणि त्यांची एकमेकांशी बांधणी असते. एका पर्यायाला दुसरा लागतो, तर तिसरा निवडला की चौथा आपोआप ओढला जातो. हाताने 'वाय' लिहिलं आणि त्याला लागणारा पर्याय बंद असला, तर पुढच्याच टप्प्यावर ती ओळ चुपचाप गळते. मेन्यूत एखादा पर्याय दिसतच नसेल, तर तिरप्या रेघेची कळ दाबून त्याचं नाव शोधा. तो कशावर अवलंबून आहे आणि त्यातलं काय बंद आहे, हे समोर येतं. मला केकॉन्फिगचा हा भाग सर्वांत आवडतो. बऱ्याच पर्यायांच्या मदतीच्या मजकुराशेवटी 'खात्री नसेल तर एन म्हणा' अशा अर्थाचा सल्लाही असतो, आणि तो मानण्यासारखा आहे.

सुरुवात कोऱ्या पाटीवर करू नये. चालू कर्नलची फाईल आणून 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' चालवलं की जुनी उत्तरं राहतात आणि नव्या प्रश्नांना ठरावीक उत्तरं बसतात. काही वितरणांच्या फाईलमध्ये त्यांच्या स्वतःच्या प्रमाणपत्राचा पत्ता असतो. ते तुमच्याकडे नसतं, त्यामुळे बांधणी मध्येच थांबते. तो पत्ता रिकामा केला की ती पुढे जाते. 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' याहून धारदार आहे. या क्षणी चढलेली मॉड्यूलं ठेवून बाकीची ते वगळतं, त्यामुळे कंपाईल व्हायचा वेळ पुष्कळ घटतो. पण त्या क्षणी जोडलेला नसलेला प्रिंटर, कॅमेरा किंवा यूएसबी डिस्क त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते. ते चालवण्याआधी वापरातलं सगळं एकदा जोडून घ्या.

बांधणीआधी 'लोकल व्हर्जन' या पर्यायात स्वतःची खूण घाला. तिच्यामुळे नव्या कर्नलची मॉड्यूलं वेगळ्या फोल्डरमध्ये जातात आणि जुनं कर्नल बूट मेन्यूत शाबूत राहतं. सोर्समधल्या 'स्क्रिप्ट्स' फोल्डरमध्ये 'डिफकॉन्फिग' नावाचं एक साधन आहे. त्याला जुनी आणि नवी कॉन्फिग फाईल दिली की नेमकी बदललेली उत्तरं तेवढी छापून मिळतात. ती यादी जवळ ठेवा. नवं कर्नल अर्ध्यात अडकलं तर जुन्यात बूट करून पहिल्यांदा तीच वाचायची आहे.